इर्झाळ मोहीम: पूर्वतयारी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळ.

इर्झाळची मोहीम आजपासून अधिकृतपणे सुरू. म्हणजे तयारी अधिकृतपणे सुरू.

व्याख्या आधी, नाहीतर पुढे घोळ होतो. टेबलाभोवती चार माणसं बसतात. एक जण जग रचतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करणार ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही. गेम मास्टर मी.

खेळाडू तीन, तिघेही आमच्याच औषध कंपनीतले. आम्रपाली मायक्रोबायोलॉजीत, माझ्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबच्या शेजारी. साहिल प्रॉडक्शनला; गाव उमरठ, वाढला मुंबईत, त्यामुळे धड कुठलीच भाषा नाही. स्नेहल डिस्पॅचला; ती हिरकणीवाडीची, सुट्टीच्या दिवशी माहेरच्या खानावळीत असते.

जग तयार आहे. इर्झाळ ही डोंगरांनी वेढलेली दरी. तिथली भाषा इर्झी, मी रचलेली. बोलणारा नदीच्या वरच्या अंगाला उभा आहे की खालच्या, हे इर्झीत प्रत्येक वाक्यात सांगावं लागतं. तयार जगं विकत मिळतात, पण त्यांत पात्राचा पूर्वेतिहास दोन ओळींत उरकतात. आमच्या लॅबमध्ये दोन ओळींत काहीच उरकत नाही.

पहिली बैठक ९ नोव्हेंबर, माझ्या महाडच्या खोलीवर. घर पोलादपूरला आहे, रोज जाऊन-येऊन करता येईल इतकं जवळ. पण तिथे टेबल नाही. खोली टेबलासाठी घेतली असं मी सांगते आणि ते खरं आहे.

आम्रपालीला हैदराबादच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. २० नोव्हेंबरपर्यंत कळवायचंय. कॅन्टीनमध्ये सहज म्हणाली. मीही सहज ऐकलं.

मोहीम दोन वर्षं चालेल अशी रचली आहे. चालू मोहीम अर्धवट टाकून गेलेलं माणूस माझ्या तरी वाचनात नाही.

वरच्या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध नाही.


२९ ऑक्टोबर, बुधवार.

पूर्वेतिहासाचा फॉर्म वाटला. नऊ पानं. जन्म, गाव, नदीची बाजू, घराणं, भीती, इच्छा, शत्रू, आहार. मला वाटतं कमीच आहेत.

साहिलने पानं हाताने तोलून पाहिली आणि विचारलं, पीएफचा फॉर्म हाय काय? स्नेहल म्हणाली, "अगो, माज्या लग्नाच्या वेळी पन मुलाकडच्यांनी एवढं विचारलं नव्हतं." आम्रपालीने फॉर्म घडी न करता फाइलमध्ये ठेवला. शिस्त असलेली एकच.


१ नोव्हेंबर, शनिवार.

फॉर्म आले. तपासणी पूर्ण.

साहिल: नाव काशीराम. तलवार हाय. आईबाप मेले. बाकी आठ पानं कोरी. शेरा: ‘काशीराम’ हे इर्झी नाव नाही, या भाषेत ‘श’ हा उच्चारच नाही. परत पाठवलं. त्याने तिथेच ‘काशीराम’चं ‘कासीराम’ केलं आणि म्हणाला, "ले, हो गया इर्झी."

स्नेहल: गडाच्या पायथ्याशी भाकऱ्या भाजणारी आत्या, सगळ्या दरीची खबर ठेवणारी. शेरा: इर्झाळमध्ये तांदूळ नाही, ज्वारी नाही, नाचणी नाही. एक कंद आहे, त्याची भाकरी होत नाही. परत. स्नेहल म्हणाली, "भाकरी नाय तर लोक जगतात कशाला गो तिथं?"

आम्रपाली: दरीत राहणारी, औषधं करणारी मुलगी. तिला दरीबाहेरून बोलावणं आलंय. जावं की नाही हे तिला मैत्रिणीला विचारायचंय, पण मैत्रीण सरळ बोलत नाही. अक्षर सुंदर, नऊच्या नऊ पानं भरलेली. शेरा: मैत्रीण सरळ का बोलत नाही याचं कारण दिलेलं नाही. दुय्यम पात्र कच्चं. सुधारून पाठवावे.

निश्चय: शेरे लिहिताना सौम्य राहणे. आज राहिले.


३ नोव्हेंबर, सोमवार.

आम्रपालीने फॉर्म परत दिला. माझ्या शेऱ्याशेजारी समासात लिहिलंय, ‘मलाही माहीत नाही गं. तुलाच माहीत असेल.’

खेळाडूने आपलं काम गेम मास्टरवर ढकलणं योग्य नाही. तसं कळवलं.

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसली. हैदराबादचं काय करू, असं विचारलं. मी माहिती काढून ठेवलीच होती. उन्हाळा तिथला कोरडा, आपल्यासारखी घामट हवा नाही. पाण्यात क्षार जास्त, केसांना त्रास होतो. मायक्रोबायोलॉजीला पुढे जायला वाव चांगला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुला काय वाटतं?"

म्हटलं, मला वाटण्याइतका डेटा नाही.

ती खिडकीबाहेर बघत बसली. एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत तसंच. उत्तर तिला पटलं असावं.


५ नोव्हेंबर, बुधवार.

इर्झीची परीक्षा घेतली. भाषा न येता खेळायला बसणं म्हणजे ट्रेनिंग नसलेल्या माणसाला मशीनवर उभं करणं. पास व्हायला ऐंशी टक्के.

साहिल: प्रश्न होता, नदीच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याला अभिवादन कसं कराल? उत्तर: राम राम. पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही राम रामच. नापास.

स्नेहल: मराठी वाक्यं लिहून प्रत्येकाच्या शेवटी ‘झी’ लावलं. ‘जेवलास काय झी.’ नापास.

आम्रपाली: चाळीसपैकी अडतीस. मी स्वतः उत्तरपत्रिका न बघता सोडवली तेव्हा मला छत्तीस होते. तिने वहीत पाढ्यांसारखी रूपं लिहून पाठ केली म्हणे, रोज जेवण झाल्यावर.

तिने सुचवलं की, ९ तारखेला आपण दोघीच सुरू करू. बाकीचे मागाहून येतील.

नियमानुसार बैठकीला किमान तीन खेळाडू लागतात. दोघी बसलो तर ती बैठक होत नाही, गप्पा होतात. तसं सांगितलं. बैठक १६ नोव्हेंबरला ढकलली. २० तारखेच्या आधीच येते, म्हणजे हरकत नाही. २० चा उल्लेख फक्त संदर्भासाठी.


८ नोव्हेंबर, शनिवार.

फासे आले. सात फासे, वेगवेगळ्या बाजूंचे, काचेसारखे हिरवे. टेबलावर टाकून बघत होते. तेवढ्यात घरमालकीण ठमाबाई चहाची साखर मागायला आल्या.

"हे काय गो? फासे? माज्या घरात जुगार नाय चालायचा."

मी समजावलं. मावशी, यात पैसे नाहीत. जिंकणं नाही, हरणंही नाही. हे जग वेगळं, माणसं काल्पनिक, भाषा मी केलेली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पैसा नाय, जिंकनं नाय, मग चारजनी दार लावून करनार काय?" तीन मुली आणि एक मुलगा, असं मी अचूकतेसाठी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

संध्याकाळी पोलादपूरहून आईचा फोन. तुझ्याकडे फासे टाकतात म्हणे, मुलगेही असतात म्हणे. ठमाबाई आणि आई यांच्यातली माहितीची वाहतूक इर्झाळच्या निरोप नेणाऱ्या कबुतरांपेक्षा वेगवान आहे.

बैठकीसाठी खोली रद्द. जागा नवी शोधणे. टेबल आता एकटीसाठी मोठं वाटतं, पण भाडं तेच.


१३ नोव्हेंबर, गुरुवार.

गंभीर दोष सापडला. डोंगरातल्या इर्झाळी लोकांची बोली आणि नदीकाठच्या लोकांची बोली ऐकायला सारखीच लागते. ज्यांच्यामध्ये तीन पिढ्यांचं वैर आहे, ते एकसारखे बोलणार नाहीत. परवा लॅबमध्ये सँपल चालू असताना लक्षात आलं. सँपल ठीक आलं, भाषा नाही.

आवृत्ती तीन काढली. ‘ळ’ फक्त डोंगरात ठेवला. त्यामुळे निम्मी नावं बदलली, म्हणून फॉर्म बदलले, म्हणून परीक्षाही परत घ्यावी लागेल. आम्रपालीचे अडतीस गुण आता ग्राह्य नाहीत. नियम सर्वांना सारखा.

जुन्या प्रती गोळा करून कागद कापायच्या मशीनमध्ये घातल्या. नवी आवृत्ती आली की जुनी कोणाच्या हातात राहता कामा नये, ही आमच्याकडची साधी पद्धत. जुन्या प्रतीवर काम करून अख्खी बॅच फुकट गेलेली मी पाहिली आहे.

साहिल म्हणाला, "अरे, खेळ है की ऑडिट?" स्नेहलने कोरा फॉर्म बघून हात जोडले. आम्रपालीने विचारलं, माझी नऊ पानं कुठायत. सांगितलं, नष्ट केली, पद्धतीप्रमाणे. ती म्हणाली, "सगळी?"

सगळी. एक पान ठेवणं हे पद्धतीत बसत नाही.

बैठक २३ ला. २३ ही तारीख २० नंतर येते हे मला दिसतंय. पण अर्धवट भाषेसाठी माणूस थांबत नाही, थांबलाच तर चांगल्या रचनेसाठी थांबतो.


१७ नोव्हेंबर, सोमवार.

कंपनीच्या बसमध्ये गैरप्रकार.

साहिलने मोबाइलवर फाशाचं ॲप घेतलं आहे आणि मागच्या सीटवर ‘प्रॅक्टिस’ म्हणून खेळ सुरू केला. गेम मास्टर तोच. भाषा त्याचीच. काशीराम, भाकरीवाली आत्या आणि औषधवाली मुलगी यांना एका पुलावर भुताने अडवलं होतं. भूत म्हणे ओव्हरटाइम मागत होतं. आत्याने भुताला विचारलं, "तुजं गाव कंचं रे?" आणि भूत निघालं आत्याच्या माहेरचं. मग भुताने पूल सोडला.

अख्खी बस ऐकत होती. ड्रायव्हर रामजीकाकांनी गाडी हळू घेतली आणि आरशात बघून म्हणाले, "भुताला गेटपास दिला का नाय?" आम्रपाली इतकी हसली की तिला ठसका लागला. दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, पण त्यावरून खेळाचा दर्जा ठरत नाही.

मी पुढच्या सीटवर आवृत्ती तीनची तपासणी करत होते. तीन चुका सापडल्या. उतरताना परत बघितल्या तर त्यांतल्या दोन चुका नव्हत्याच.

आम्रपालीने मागून हाक मारली होती, ये गं इकडे, जागा आहे. मी खूण केली की कामात आहे.


२० नोव्हेंबर, गुरुवार.

आज क्यूसीमध्ये एचपीएलसी मशीनचा कॉलम बदलला. नवा कॉलम व्यवस्थित चालतो.

आम्रपालीने हैदराबादला होकार कळवला. संध्याकाळी, शेवटच्या क्षणी. मला बसस्टॉपवर सांगितलं. म्हणाली, "दिवसभर थांबले होते मी."

कशासाठी, ते विचारलं नाही. थांबण्याची कारणं वैयक्तिक असू शकतात.

अभिनंदन केलं. तिने थँक्यू म्हटलं. बस आली.

इथला शेवटचा दिवस २० डिसेंबर. २२ ला निघणार.


२२ नोव्हेंबर, शनिवार.

उद्याची बैठक रद्द. नवी योजना. दोन वर्षांची मोहीम एका बैठकीत बसवायची. तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. युद्ध काढलं, तीन पिढ्यांचं वैर काढलं, कबुतरं काढली. नदी ठेवली.

बैठक जितकी उत्तम, तितकं माणसाला कळेल की आपण काय सोडून चाललोय. मग निर्णय पुन्हा तपासता येतो. आमच्याकडे शंकास्पद निकाल आला की पुन्हा तपासणी करतातच.

तारीख: ६ डिसेंबर, शनिवार. तिघांना मेसेज केला.


२४ नोव्हेंबर, सोमवार.

६ डिसेंबर ही तारीख महाडमध्ये राहून ठरवली, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. आम्रपालीने फक्त एवढंच लिहिलं, ‘त्या दिवशी आम्ही घरचे सगळे चैत्यभूमीला जातो गं. दरवर्षी.’ शेवटी एक हसरा चेहरा, तो लावायची गरज नव्हती.

स्नेहलने हसरा चेहरा लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन म्हणाली, "सहा तारखेला? तुजं डोकं हाय का ठिकाणावर? तुज्या दरीत क्यालेंडर नाय काय गो?"

इर्झाळचं कॅलेंडर आहे. तेरा महिन्यांचं. त्यामुळेच लक्ष गेलं नाही.

आम्रपालीची क्षमा मागितली. ती म्हणाली, असू दे. नवी तारीख १४ डिसेंबर, हिरकणीवाडीला स्नेहलच्या माहेरी.


१४ डिसेंबर, रविवार. हिरकणीवाडी.

बैठक झाली नाही. कारणं माझ्या हातातली नव्हती.

डिसेंबरात रायगडावर शाळांच्या सहली येतात हे स्नेहलला माहीत होतं. पण तिला वाटलं, रविवारी शाळा कशाला येतील. आल्या. रोपवेच्या रांगेतली पोरं कंटाळून थेट खानावळीत शिरली. आम्ही पोचलो तेव्हा स्नेहलची आई काशीबाई दोन चुलींमध्ये उभ्या होत्या. "आलात ना गो? मग ताटं उचला," म्हणाल्या.

साहिलकडे पिठलं. आम्रपालीकडे भाकऱ्या. माझ्याकडे ताक. प्रत्येक पेल्यात सारखं ताक जावं म्हणून मी पेल्याच्या रेघेपर्यंत मोजून ओतत होते. काशीबाई म्हणाल्या, "अगो पोरी, ताक वाढतंस का औषध? ओत की." रांग दारापर्यंत गेली होती. नंतर मला कांदे चिरायला बसवलं.

चारनंतर सगळे दमले. साहिल बाकावर आडवा. आम्रपाली माझ्या शेजारी पायरीवर बसली, कांदे सोलायला. म्हणाली, आता बरं वाटतंय नाही? मी म्हटलं, तासभर आहे, सुरुवातीची माहिती तरी सांगून घेते. फाइल काढली. तिने थोडा वेळ ऐकलं. मग आत गेली, भांडी घासायला.

शिल्लक रविवार: एक.


१८ डिसेंबर, गुरुवार.

लॅबने आम्रपालीला निरोपाची भेट दिली. भिंतीवरचं घड्याळ. वर्गणीत मी होते. घड्याळ अचूक चालतं की नाही, दोन दिवस तपासून दिलं.

काय बोलशील गं तिच्याबद्दल, असं साहेबांनी मला विचारलं. सगळे बघत होते. मी म्हटलं, तिच्या प्लेट्समध्ये कधी बाहेरचा जंतू वाढला नाही. मायक्रोबायोलॉजीत याहून मोठं कौतुक नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्रपालीने मान खाली घातली, तिला आवडलं असावं.

रविवारची तयारी पूर्ण. परिचयाचं भाषण चाळीस मिनिटांवर आणलं.


२१ डिसेंबर, रविवार. हिरकणीवाडीहून परतल्यावर.

बैठक झाली. क्रमाने लिहिते.

दुपारची गर्दी ओसरल्यावर खानावळीच्या मागच्या खोलीत बसलो. परिचयाचं भाषण सुरू केलं तर साहिलने फाइल उचलली आणि तिच्यावर बसला. म्हणाला, "मॅडम, दीदी, माताजी, आता खेळू. वह कल जा रही है." भाषण वगळलं. परीक्षा वगळली. भाषासुद्धा वगळली, म्हणाले मराठीतच बोलू, दरीला काय कळतंय.

प्रसंग सुरू झाला. दरीची वेस. मोठा दरवाजा, एक पहारेकरी. तिघांना बाहेर पडायचंय.

काशीरामने पहारेकऱ्याला धक्का मारला. फासा टाकला, चौदा. गेला.

आत्याने पहारेकऱ्याला भाकरी दिली. इर्झाळमध्ये भाकरी नाही हे मी आठवण म्हणून सांगितलं. स्नेहल म्हणाली, "म्हनूनच तर उपाशी उभा हाय बिचारा, खाऊ दे." फासा, सोळा. पहारेकऱ्याने भाकरी खाल्ली. आत्या गेली.

आम्रपालीची औषधवाली पुढे आली. म्हणाली, "मला जायचंय."

मी म्हटलं, पंधरा लागतील. अकरा पडले.

पुन्हा टाक म्हटलं. सतरा पडले. मी म्हटलं, एव्हाना धुकं आलंय, धुक्यात अठरा लागतात. साहिल म्हणाला, कुठलं धुकं, आम्ही दोघं आता गेलो. धुकं तुमच्यामागून आलं, असं सांगितलं.

अठरा पडले. मी म्हटलं, पहारेकरी आता जेवलाय, सुस्त आहे, त्याला समजवायला एकोणीस लागतील. स्नेहल म्हणाली, "अगो, माजी भाकरी खाऊन हिलाच अडवतो? मेला!"

तेरा. नऊ. पंधरा. सात.

मी नियमाप्रमाणेच चालले होते. नियम त्याच वेळी लिहीत होते इतकंच.

साहिल म्हणाला, "ही वेस हाय की व्हिसा ऑफिस?" स्नेहल म्हणाली, "सोड ना गो तिला! शेवटची एसटी जाईल." आतून काशीबाई ओरडल्या, झालं का, चहा गार झाला. मी म्हटलं, तिला हवं तर ती दरीत थांबू शकते. पर्याय आहे. दरीत राहण्यात वाईट काही नाही.



आम्रपालीने फासा हातात धरला. टाकला नाही. विचारलं, "हा पहारेकरी कोण आहे गं?"

दुय्यम पात्र, म्हटलं. त्याला पूर्वेतिहास नाही.

"आम्हाला नऊ पानं, आणि याला काहीच नाही?" माझ्याकडेच बघत होती. मग हळू विचारलं, "त्याला मला काही सांगायचंय का?"

मी कागद चाळले. पहारेकऱ्याचं एकच वाक्य लिहिलेलं होतं, ‘कोण तिकडे?’, आणि ते होऊन गेलं होतं. साहिल आणि स्नेहल दोघंही फाशाकडे बघत बसले होते. सांगायचं असतं तर पुरेसा वेळ होता.

म्हटलं, नाही.

तिने मान हलवली. मग फासा टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला, बोटांनी फिरवून, वीसचा आकडा वर करून. "वीस पडले," म्हणाली.

साहिल हसला नाही. स्नेहलही नाही.

न घेतलेलं रीडिंग लिहायचं नाही. लॅबमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. असा एक आकडा लिहिला तर माणूस नोकरीतून जातो, आणि जावंच. मी कधी लिहिला नव्हता.

मी वीस लिहिलं. खाली सही केली.

औषधवाली दरवाजातून गेली. तिथे प्रसंग संपला. चहा प्यायलो. एसटी मिळाली. महाडला उतरल्यावर आम्रपालीने खांद्यावर हात ठेवला, मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेत होते, त्यामुळे तो लगेच निघाला.


२२ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

स्टँडवर गेले नाही. पहिली शिफ्ट होती. शिफ्ट बदलून मिळते, पण ऐन वेळी विचारणं बरं दिसत नाही.

कालच्या बैठकीचा आढावा: खेळाडूंची उपस्थिती पूर्ण. एक प्रसंग पूर्ण. भाषेचा वापर: शून्य. एकंदर यशस्वी.


२८ डिसेंबर, रविवार.

बसमध्ये साहिलचा खेळ चालूच आहे. मला म्हणाला, एक जागा रिकामी झालीय, येतेस का. म्हटलं, बघते. रिकाम्या जागेवर कोणीही चालेल अशी ती जागा नाही, हे त्याला कळत नाही.

निश्चय: गुढीपाडव्याला आवृत्ती चार. पहिली बैठक ऑनलाइन, हैदराबादसह. तोवर तिला तिकडे कंटाळा येईलच.


४ जानेवारी २०२६, रविवार. दुपार.

आम्रपालीचा मेसेज आला. नोकरी ठीक. पीजीमध्ये दोन मुली आहेत, एक वरंगलची, एक नांदेडची. तिने त्यांना आमच्या खेळाबद्दल सांगितलं आणि त्यांनाही खेळायचंय. गेम मास्टर आम्रपाली. सल्ला हवा आहे.

अपेक्षित होतंच. आवृत्ती तीन पूर्ण पाठवली: फॉर्म, शब्दसूची, नकाशा, परीक्षा, उत्तरपत्रिका. सोबत सूचना, की सुरुवात महिनाभराने करावी, घाई करू नये.

अर्ध्या तासात उत्तर. ‘अगं, सुरू पण झालं! वेशीपाशी आहोत.’

विचारलं, पहारेकऱ्याला किती लागतात.

‘पहारेकरी ठेवलाच नाही. दार उघडंच आहे.’

ही रचनेतली मोठी चूक आहे. उघड्या दारातून कोणीही केव्हाही निघून जाईल. सविस्तर समजावायला बसले. एक परिच्छेद झाला, दुसराही अर्धा झाला. वाचून बघितला. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. शेवटी विचारलं, जेवलीस का.

अंगठा आला.

त्यांचा खेळ चालू असावा.